ह्यांची नोकरी मी सोडली

१ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी.
नोकरी सोडायचं आज नक्की केलं. ह्यांना संध्याकाळी सांगेन.

विचार जपाच्या वेळी आला, म्हणजे माझा नव्हे, वरूनच आला. जप करताना मी दुसरं काही मनात येऊच देत नाही. (आज दूधवाला आला होता. तेवढाच.) ह्यांनी तेवीस वर्षं एकाच टेलरिंगच्या दुकानात कटर म्हणून घालवली. कापड ह्यांनी कापायचं, शिवायचं कारागिरांनी आणि दुमजली घर बांधायचं मालकाने. ह्यांना काय मिळालं? महिन्याचा पगार, दोन वेळचा चहा, रविवारची सुट्टी आणि पाठीला बाक.

संध्याकाळी. सांगितलं. हे म्हणाले, कुणाची नोकरी? मी म्हटलं, आपली. ह्यांनी घास खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं, घास परत उचलला. विरोध नाही.

३ फेब्रुवारी, बुधवार
किरकोळ विरोध आहे. हे म्हणतात, अगं, मालक माणूस चांगला आहे. पगाराला कधी उशीर नाही. सहा वाजले की म्हणतो, चला, निघा आता. मी म्हटलं, हीच ती गुलामी. सहाला सोडतो म्हणजे सहापर्यंत धरून ठेवतो.

सासूबाईंना कुणी विचारलं नव्हतं. म्हणाल्या, त्याला बाहेर जाऊ दे गं बाई. आठ तास बाहेर असतो म्हणून तर तुमचा संसार तेवीस वर्षं टिकला. म्हाताऱ्या माणसांना दूरदृष्टी नसते. मोतीबिंदूचंही ऑपरेशन करायचं राहिलंय.

कन्या कॉलेजात कॉमर्स शिकते. तिने विचारलं, आई, बिझनेस प्लॅन काय? मी म्हटलं, सचोटी आणि काटकसर. ती म्हणाली, आणि गिऱ्हाइकं? मी म्हटलं, देव पाठवेल. ती म्हणाली, मग देवाला पार्टनर घे, निदान मीटिंगला तरी येईल. हे शिकवतात कॉलेजात.

निश्चय: धंदा ह्यांचा. मी कशातही लक्ष घालणार नाही. फक्त हिशेब आणि थोडी शिस्त.

१३ फेब्रुवारी, शनिवार
राजीनामा मी लिहिला. मॅट्रिकला निबंधात मला पैकीच्या पैकी होते, ते आज कामी आले. ह्यांनी फक्त आपल्या अक्षरात उतरवून काढायचा होता. तरी दोनदा मधेच 'नाइलाजाने' हा शब्द घुसडला. दोन्ही वेळा कागद फुकट गेला. पाठकोरा म्हणून ठेवून दिला आहे.

१५ फेब्रुवारी, सोमवार
संध्याकाळी मालक स्वतः घरी आले. मला वाटलं भांडायला आले. मोठं पाकीट घेऊन आले होते, त्यात ह्यांचा बोनस. आगाऊ. असे लोक असे गोड बोलून बांधून ठेवतात.

म्हणाले, वहिनी, तुमचं ठरलं असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण जूनपर्यंत मला फारशी गर्दी नसते. शाळा उघडेपर्यंत ह्यांचं टेबल मी रिकामं ठेवतो. जमलं तर उत्तम, नाही जमलं तर गुपचूप येऊन बसा, कुणी काही विचारणार नाही. शाळा उघडल्यावर मात्र मला माणूस घ्यावाच लागेल.

मी म्हटलं, आजच घ्या. तेवढ्यात हे मधेच म्हणाले, राहू दे की रिकामं, टेबलाला काय खायला घालावं लागतंय?

मालक गेल्यावर हे बराच वेळ जिन्याच्या कठड्याशी उभे होते. वारा बरा होता म्हणाले. वारा अजिबात नव्हता.

१ मार्च, सोमवार
शुभारंभ! बाहेरच्या खोलीतला पलंग भिंतीला उभा केला, त्या जागी कापायची फळी. माझ्या लग्नातलं शिलाई मशीन खिडकीशी. ह्यांना तरुणपणी शिवणही येत होतं, ते परत येईल. काज-बटणं कन्या करेल. दाराबाहेर पाटी लावली. त्यावर ह्यांचंच नाव आहे, खाली बारीक अक्षरात 'व्यवस्थापन' म्हणून माझं. माझं बारीक असूनही जरा मोठं दिसतं, कारण रंगारी कन्या होती आणि ब्रश जाड होता.

भिंतीवर नियम लावले. साडेसहाला प्रार्थना. सातला काम. मधे चहा नाही, चहाने हात थरथरतात. गप्पा नाहीत. पंखा नाही, कापड उडतं.

हे पावणेसातला उठले. हजेरीत लेट मार्क. ह्यांनी विचारलं, मी मालक ना? मी म्हटलं, म्हणजे काय, तुम्हीच. मग लेट मार्क कोण देतंय? मी म्हटलं, नियम देतो. त्यात माझा काय संबंध?

६ मार्च, शनिवार
पहिल्या आठवड्यातली कामं: शेजारच्या मावशींचे उशीचे अभ्रे. एका गृहस्थांच्या पँटची चेन. मावशींचेच अभ्रे परत, कारण उशा आत जाईनात. (अभ्रे बरोबर होते. मावशींच्या उशा बेताच्या बाहेर फुगल्या आहेत.)

हे म्हणाले, उद्या रविवार. मी म्हटलं, स्वतःच्या धंद्याला रविवार नसतो. ज्याला रविवार हवा त्याने नोकरी करावी. हे म्हणाले, करत होतो की.

बोलायला फार लागले आहेत. दुकानातले संस्कार.

९ मार्च, मंगळवार
आज माझं मौन. महिन्यातून एकदा पाळते. मनाला शांतता लाभते. बोलण्यातली निम्मी शक्ती वाया जाते हे लोकांना कळत नाही.

ह्यांना चिठ्ठ्या दिल्या. 'खडू जाड ओढता.' 'दोरा दातांनी तोडू नये.' 'कुठे निघालात?' 'एवढा वेळ?' शेवटी पाठकोरे कागद संपले, म्हणून भांडी जरा आपटावी लागली. दुपारी सासूबाई म्हणाल्या, सूनबाई, तुझं मौन सुटेल कधी? जरा शांतता हवी होती.

१६ मार्च, मंगळवार
देव आहे. देव आहे. देव आहे.

कोपऱ्यावरच्या लहान शाळेच्या मोठ्या बाई पाटी वाचून वर आल्या. पहिली-दुसरीच्या सगळ्या मुलांच्या हाफपँटी. कापड शाळेचं. राखाडी, चांगलं जाड, तागेच्या तागे. मापं लगेच घ्यायची, परीक्षा झाली की मुलं सुट्टीवर जातात. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा सगळ्यांच्या अंगावर नव्या. निम्मे पैसे कपडे हातात पडल्यावर, बाकीचे शाळा उघडल्यावर.

ह्यांचा चेहराच पालटला. कापड बोटांत चोळून पाहिलं, उजेडात धरलं, नाकाला लावलं. बाईंना म्हणाले, माप बघून घ्या, पोरं पाच वर्षं घालतील. मी ह्यांच्या पायावर पाय दिला. पाच वर्षं घातल्या तर पुढच्या वर्षी ऑर्डर कोण देणार?

आज ह्यांनी शीळ घातली. नियमात शिळेबद्दल काही नव्हतं. घातलं.

२० मार्च, शनिवार
वेळेवर लक्ष गेलं म्हणून वाचलो.

हे कापायला बसले होते. सहज डोकावले (मी लक्ष घालत नाही), तर प्रत्येक हाफपँटला खाली चार बोटं जास्तीचं कापड सोडलेलं! मागच्या शिवणीला दोन बोटं. विचारलं, हे काय? हे म्हणाले, आत दुमडायला. पोरगं वाढलं की उसवून लांब करता येतं, बसायच्या जागी रुंद करता येतं. मी म्हटलं, कशाला वाढेल? हे म्हणाले, अगं, मुलं आहेत ती. वाढतात. मी म्हटलं, अडीच-तीन महिन्यांत? सुट्टीत मुलं उन्हात हुंदडतात, धड जेवत नाहीत. वाळतील उलट.

हिशेब करून दाखवला. सगळीकडे अर्धं बोट ठेवलं तर ताग्यामागे किती कापड वाचतं. हे म्हणाले, अर्ध्या बोटावर शिवण धरत नाही, दोरे सुटतात. मी म्हटलं, देवाचं नाव घेऊन शिवलं तर धरते. ह्यांनी कात्री खाली ठेवली. म्हणाले, तेवीस वर्षांत मालकाने मला असं कधी सांगितलं नाही. मी म्हटलं, मग जा मालकाकडे.

ह्यांनी दाराकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग कात्री उचलली. अर्धं बोट.

पुरुषांना ठाम माणूस लागतो.

११ एप्रिल, रविवार
बचतीचं कापड बघून डोळे भरून आले. बाहेरच्या खोलीला पडदे झाले. बैठकीच्या उशांना अभ्रे. भाजीच्या पिशव्या. मशीनला झाकण. सासूबाईंच्या आरामखुर्चीला कापड.

कन्या म्हणाली, आई, हे कापड शाळेचं आहे ना? मी म्हटलं, कापड शाळेचं, बचत आपली. परत दिलं असतं तर बाईंना हिशेब नव्याने मांडावा लागला असता. उगाच दुसऱ्याला त्रास. आणि पहिला तुकडा मी देवाला आसन म्हणून घातला आहे. ज्याचा पहिला वाटा देवाचा, त्यात खोट कसली? माझ्या मनात काही नाही. हे तिला तीनदा सांगितलं.

सासूबाई त्या खुर्चीवर बसत नाहीत. म्हणतात, घंटा वाजेल की काय अशी धास्ती वाटते.

४ मे, मंगळवार
ह्यांचं हल्ली दोरा आणायला जाणं फार वाढलं आहे. रोज चारच्या सुमाराला दोरा संपतो. आज मी मागोमाग गेले. हे जुन्या दुकानात! आपल्या रिकाम्या टेबलावर बसून, पाय हलवत, कारागिरांच्या घोळक्यात चहा पीत होते. दोन घोटांच्या मधे काहीतरी सांगत होते आणि सगळे हसत होते. घरी कधी असं काही सांगत नाहीत.

काचेतून मी दिसल्यावर ह्यांनी कप लपवला. शाळकरी पोरासारखा. मला वाईट वाटलं. इतकी वर्षं ह्या माणसाला त्यांनी चहाची सवय लावून ठेवली!

आजपासून दोरा मी आणते.

१८ मे, मंगळवार
ह्यांचा दात दुखतो. रजा मागितली. मी म्हटलं, अर्ज करा. ह्यांनी खरंच केला! 'माननीय व्यवस्थापक' अशी सुरुवात. गालावर हात धरून उभे होते. अर्ज चांगला होता, फक्त तारीख राहिली होती, म्हणून परत केला. तोवर दवाखाना बंद झाला.

सासूबाई आतून मोठ्याने म्हणाल्या, मालक बरा होता गं. निदान परका होता.

२८ मे, शुक्रवार
सगळा माल शाळेत पोचला. बाईंनी एक-एक उलटी-सुलटी करून पाहिली. म्हणाल्या, किती सुबक, कुठे फुगलेलं नाही. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे जमिनीकडे पाहत होते. कौतुक पचवता येत नाही ह्यांना.

निम्मे पैसे मिळाले. मालकाचा बोनस मी पाकिटासकट तसाच ठेवला होता, त्याच्यावर ते ठेवले. अंधार पडायच्या आत तीनदा मोजले. देवाला नमस्कार करायला गेले म्हणूनच, पाकीट देवासमोर होतं.

३१ मे, सोमवार
भाजी घेऊन येताना वाटेत मालक भेटले. म्हणाले, वहिनी, एक चांगला कटर आला आहे, पण ह्यांना शब्द दिलाय शाळा उघडेपर्यंत. काय कळवू त्याला? मी म्हटलं, बसवा बिनधास्त. आमचं छान चाललंय. मालक म्हणाले, ह्यांना एकदा विचारता का? मी म्हटलं, आमच्यात विचारायची पद्धत नाही. एकाचं मन दुसऱ्याला कळतं.

ह्यांना सांगितलं नाही. उगाच मन दोन्हीकडे ओढलं जातं माणसाचं. शाळा उघडली, उरलेले पैसे आले, की एकदमच सांगेन. दुहेरी आनंद होईल.

१४ जून, सोमवार. सकाळी.
आज शाळा उघडतेय. उपास धरला आहे. आपण शिवलेल्या कपड्यांत मुलं प्रार्थना म्हणतील! शाळेच्या कुंपणापाशी उभी राहून ऐकून येते.

दुपारी. काय झालं ते लिहवत नाही.

लिहिते.

मुलं रांगेत आली तेव्हाच जरा चमत्कारिक वाटलं. वाळली नव्हती. सुट्टीत घरोघरी काय खायला घालतात देव जाणे. हाफपँटी वर चढल्या होत्या आणि मुलं पाय एकमेकांना लावून चालत होती. मला वाटलं, शिस्त. मग बाई म्हणाल्या, प्रार्थनेला खाली बसा.

सगळी एकदम बसली.

मी आयुष्यात पुष्कळ कापड फाटताना ऐकलंय, पण एका सुरात कधी नाही.

मग एक मुलगा रडायला लागला, मग पुढचा, मग मागचे हसायला लागले, आणि प्रार्थना झालीच नाही. प्रार्थना राहिली ह्याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. मुलं पाठ भिंतीला लावून, सरकत सरकत वर्गात गेली. एकाची आई कुंपणाशीच उभी होती. ती म्हणाली, कुठल्या नतद्रष्टाने शिवल्यात ह्या? मी म्हटलं, काळच वाईट आहे, आणि निघून आले.

घरी हे वाट बघत होते. विचारलं, कशा दिसत होत्या? मी म्हटलं, उठून दिसत होत्या.

१५ जून, मंगळवार
मोठ्या बाई घरी आल्या. काल मी ह्यांना काहीच सांगितलं नव्हतं, ते सगळं बाईंनी एका दमात सांगून टाकलं. मी म्हटलं, बसा तरी. बसल्या. नेमक्या उशीवर. उठल्या. उशी हातात घेतली, उलटी केली. पडदे पाहिले. मशीनचं झाकण पाहिलं. दाराच्या खिळ्याला अडकवलेल्या पिशव्या पाहिल्या. मग आतल्या बाजूला देवाकडे नजर गेली आणि म्हणाल्या, देवालाही आमच्याच शाळेत घातलंत वाटतं.

मी म्हटलं, बाई, ती काटकसर आहे. बाई म्हणाल्या, काटकसर आपल्या कापडात करतात. दुसऱ्याच्या कापडातल्या काटकसरीला वेगळा शब्द आहे, मुलांना पहिलीत शिकवतो आम्ही. एवढं लागट बोलायचं कारण नव्हतं. मला गहिवरून वगैरे काही आलं नाही. कांदा चिरत होते.

हे पुढे झाले. म्हणाले, बाई, माझी चूक. सगळ्या उसवतो, जोड देतो, पैसा घेणार नाही. शनिवारपर्यंत वेळ द्या. बाई ह्यांना म्हणाल्या, तुमच्यावर माझा राग नाही. पण उरलेले पैसे विसरा.

माझी चूक असं हे म्हणाले, म्हणजे त्यांना पटलं आहे. मीही ताणून धरलं नाही.

१६ जून, बुधवार
पडदे उतरले. अभ्रे उसवले. देवाचं आसनही द्यावं लागलं, देव आता नुसत्या पाटावर आहे. हे सकाळपासून मान खाली घालून जोड देतायत. प्रार्थनेला आले नाहीत. लेट मार्क द्यायला रजिस्टर उघडलं, परत मिटलं. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही, तरी मिटलं.

सहा वाजता हे उठले, तोंड धुतलं, चांगला शर्ट घातला आणि काही न सांगता गेले. मला कळलं कुठे. जिन्यात ह्यांना आडवं जावंसं वाटलं, पण उपासाने पायात त्राण नव्हतं. (उपास सोमवारचा होता.)

तासाभराने आले. टेबलावर दुसरा माणूस बसला होता. मालक ह्यांना म्हणाले, अहो, वहिनींनीच तर सांगितलं बसवा म्हणून.

हे जेवले. पोळपाटावरच्या पिठाकडे बघत जेवले. मी म्हटलं, मी तुमच्यासाठीच हो... ह्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हाताने खूण केली. मौन.

चिठ्ठीसुद्धा लिहिली नाही ह्यांनी.

२० जून, रविवार
कपडे काल शाळेत पोचले. आज ह्यांनी सुट्टी घेतली. अर्ज नाही, तोंडी नाही, काही नाही. दुपारपर्यंत लोळले. मग आईच्या पायांना तेल चोळलं. दोघं हळू आवाजात बोलत होती. मी आत गेले की सासूबाई विचारायच्या, पाऊस येईल का गं?

२२ जून, मंगळवार
ह्यांनी राजीनामा दिला. मला!

दाराशी उभे राहून दोन्ही हातांनी दिला. 'माननीय व्यवस्थापक, मी आपल्याकडील कटरच्या जागेचा आनंदाने राजीनामा देत आहे.' 'आनंदाने'खाली रेघ. हे म्हणाले, खालच्या इस्त्रीवाल्याच्या दुकानात अर्धं टेबल रिकामं असतं, ते भाड्याने घेतलंय. दुरुस्ती करेन, पँटी करेन. स्वतःचं.

मी समजावलं. म्हटलं, अहो, ह्या वयात? घरचं पक्कं काम सोडून असं वाऱ्यावर? डोक्यावर छप्पर आहे, ओळखीची माणसं आहेत, दोन वेळचं जेवण जागेवर मिळतं. बाहेर गिऱ्हाईक आलं नाही तर? दात दुखला तर कोण बघणार? उद्याचा काही विचार? हे म्हणाले, अगदी हेच फेब्रुवारीत म्हणायचं होतं मला, पण असं छान जमत नव्हतं.

नियमाप्रमाणे महिन्याची नोटीस लागते असं दाखवून दिलं. भिंतीवर आहे. ह्यांनी चष्मा लावून नियम वाचला, चष्मा काढला आणि कात्री, खडू, टेप घेऊन खाली गेले.

राजीनामा मंजूर केला. मन मोठं ठेवायचं ठरवलं आहे. आठ दिवसांत परत येतील.

१ जुलै, गुरुवार
परत आले नाहीत. मी काही वाट बघत नाही. खिडकीशी बसले तर इस्त्रीचं दुकान समोरच पडतं, त्याला माझा इलाज नाही.

नऊला जातात, दुपारी जेवायला वर येतात, सहाला बंद. त्या चिमुकल्या जागेत चहा कितीदा! इस्त्रीवाला हसतो, हे हसतात, कपडे घ्यायला आलेले थांबून हसतात. काल शाळेच्या मोठ्या बाई हातात गठ्ठा घेऊन तिथे उभ्या होत्या. वर पाहिलं तर काही बोलतील म्हणून मी पडद्याआड झाले. पडदा नाहीच, हे मग लक्षात आलं. त्यांनी खालून नमस्कार केला.

ह्यांनी पुठ्ठ्यावर पाटी लावली आहे. नाव नाही, गाव नाही. फक्त 'रविवारी बंद'.

असो. एक माणूस गेला म्हणून धंदा थांबत नसतो. नवा कटर नेमायचा. दूध केंद्रावर चिठ्ठी लावली: 'पाहिजे. मेहनती, निर्व्यसनी, धार्मिक वृत्तीचा कटर. घरगुती वातावरण.'

६ जुलै, मंगळवार
चिठ्ठी वाचून एक गृहस्थ आले! चाळिशीचे, कपाळावर आठी, बोटांना कात्रीचे घट्टे. फळीवरून हात फिरवला तेव्हाच कळलं, जाणकार आहे. मी देवाला इथूनच हात जोडले. पाणी दिलं. चहा आपल्याकडे नसतो हे सांगितलं. म्हणाले, असू दे. नियम वाचले. उभ्यानेच. लेट मार्कापाशी जरा थांबले, शिळेपाशी जरा जास्त थांबले.

मग म्हणाले, वहिनी, आधीचे कटर का गेले? मी म्हटलं, घरगुती कारण. म्हणाले, त्यांना भेटता येईल? नव्या जागी बसण्याआधी जुन्या माणसाला एकदा विचारावं, आमच्या धंद्यात तशी रीत आहे. मी म्हटलं, ते आता इथे नसतात.

तेवढ्यात हे जेवायला आले.

दोघं आतल्या खोलीत गेले. दार लोटलं. मी ऐकत नव्हते. स्वयंपाकघरातून ऐकू येत नाही, म्हणून दाराजवळचं धान्य निवडायला घेतलं, तरी ऐकू आलं नाही. एकदा हसण्याचा आवाज आला. सासूबाईंचा. त्या आत कधी गेल्या?

गृहस्थ बाहेर आले. मला जरा जास्तच वाकून नमस्कार केला. वहिनी, धन्यवाद, काम मिळालं, म्हणाले, आणि मी हजेरीचं रजिस्टर काढेपर्यंत जिना उतरून गेले.

ह्यांना विचारलं, काय सांगितलंत त्यांना? हे हात धुत म्हणाले, तुझ्याबद्दल चांगलंच सांगितलं. मी म्हटलं, मग उद्या साडेसहाला येतील ना? हे म्हणाले, नऊला येईल. खाली. काम वाढलंय, इस्त्रीवाल्याकडून दुसरं अर्धं टेबलही घेतलं मी. माणूस हवाच होता, तुझ्या चिठ्ठीने बरं झालं.

मग पाटावर बसले आणि म्हणाले, वाढ लवकर. दोनला दुकान उघडायचंय.

वाढलं.